गोलंदाजाचा धनी

माझ्या बिराप्पामामाला आयुष्यभर एकच दुखणं होतं. समोरचा जे सांगेल ते त्याला पटायचं. तसं पटायला हरकत नसते, पण लगेच दुसरा कोणी उलट सांगायला आला की तेही तितकंच पटायचं, आणि मग पटलेल्या दोन्ही गोष्टी पोटात घेऊन मामा शून्यात बघत बसायचा. आमच्या घरात कोणी फार वेळ गप्प बसलं की आजही "बिराप्पा झाला का तुझा?" असं विचारतात. मला त्याचा राग येतो. मामा बावळट नव्हता. ज्यांना कुठल्याही गोष्टीची एकच बाजू दिसते, त्यांनाच आपल्याकडं हुशार म्हणायची पद्धत आहे आणि अशा हुशारांशी माझं आजवर कधी जमलेलं नाही.

मामा सास्तूरचा, धनगराचा. मेंढरं राखायची आणि घोंगड्या विणायच्या, हा घरचा धंदा. निजामाच्या राज्यात नळदुर्गाच्या अलीकडं, बोरी नदीच्या काठाला एक सरकारी पागा होती. थंडीत घोड्यांच्या पाठीवर टाकायला पागेनं एकदा घोंगड्या मागवल्या, त्या पोचवायला मामा गेला आणि तिथंच राहिला. घडलं ते असं : पागेत एक तांबडा विलायती वळू होता. शर्यतीचा घोडा, पाय दुखावला म्हणून हैदराबादेहून पैदाशीसाठी पाठवलेला. त्याचं कागदावरचं नाव गोल्डन डॉन. पागेतल्या माणसांनी त्याचा गोलंदाज केला होता. हा गोलंदाज दोन-दोन माणसांना दोराला लोंबकळत फरफटवायचा. मामा घोंगड्यांचा भारा घेऊन त्याच्या ठाणाजवळून चालला होता, तर त्यानं मान लांब करून मामाच्या खांद्याचा वास घेतला आणि तिथंच तोंड ठेवून उभा राहिला. मेंढराचा वास आवडला असावा. पागेचे सलोत्री, म्हणजे घोड्यांचे डॉक्टर, कमरुद्दीनसाहेब ते बघत होते. ते म्हणाले, "ए धनगर, नोकरी करता क्या?"

मामाला ते पटलं.

दसरा झाला की पागेत मुलाहिजा असायचा. हैदराबादेहून मोठे साहेब यायचे, खुर्च्या मांडल्या जायच्या आणि वळू घोडे एकेक करून मैदानात आणून दाखवायचे. आसपासच्या गावांतले घोडीवाले आपापल्या घोड्या बाभळींना बांधून बसायचे, आणि जो वळू मनात भरेल त्याला आपली घोडी लावायचे. दाखवायचीही रीत होती. मोतद्दारानं, म्हणजे घोडा धरणाऱ्यानं, घोड्याच्या डाव्या अंगाला राहायचं, दोर आखूड धरायचा, सरळ चालवत न्यायचं, वळवताना आपण बाहेरच्या बाजूनं वळायचं म्हणजे घोडा अंगावर येत नाही. परत आणून असा उभा करायचा की बसल्या जागेवरून चारही पाय वेगवेगळे दिसले पाहिजेत.

हे सगळं मामाला नीट शिकवलं होतं. शिकवायचं राहिलं ते एवढंच, की उर्दूत मुलाहिजा म्हणजे पाहणी. आपल्याकडं मुलाहिजा म्हणजे भीडभाड, अदब. पहिल्याच वर्षी मामानं गोलंदाजाला साहेबांपुढं आणून उभा केला, सलोत्रीसाहेबांनी मागून हुकूम सोडला, "मुलाहिजा कराओ!" आणि मामानं दोर घोड्याच्या मानेवर टाकून साहेबांना वाकून दोन्ही हात जोडले.

मोकळा वळू. पलीकडं बांधलेल्या डझनभर घोड्या. सलोत्रीसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. गोलंदाजानं मात्र मामाच्या पागोट्याला नाक लावलं आणि मामा सरळ होईपर्यंत तो हलला नाही. मोठ्या साहेबांना वाटलं, हा शिकवलेला सलाम आहे. ते खूश झाले. मामाला आधी सलोत्रीसाहेबांच्या शिव्या बसल्या आणि मग मोठ्या साहेबांकडून नवं पागोटं मिळालं. दोन्ही कशाबद्दल, ते त्याला कळलं नाही. पण त्या दिवसापासून गोलंदाजाचा दोर दुसऱ्या कोणाच्या हातात गेला नाही.

त्याच मुलाहिजात हिंमतराव आले होते. हे आमच्या भागातले मोठे अश्वपरीक्षक. म्हणजे तसं त्यांचे तेच म्हणत. घोड्याच्या छातीकडं, पायांकडं, चालीकडं ते बघत नसत. आपल्याकडं कोणीच बघत नसे. आपल्याकडं बघतात भवरे. घोड्याच्या अंगावर केस गोल फिरलेले असतात ना, त्यातला कुठला भवरा कुठं आहे त्यावर घोडा शुभ की अशुभ ठरतं. ज्याचा बाप विलायतेत शर्यती जिंकला, त्या घोड्याच्या तोंडाजवळ हिंमतराव गेले, डोळ्याखाली बोट टेकलं आणि हात चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"आसूढाळ हाय ह्यो!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "डोळ्याखाली भवरा. धन्याला खाणारा घोडा. माझी घोडी सोडा रं."

त्यांची घोडी अरबी वळूकडं गेली. त्यांच्यामागून सगळ्यांच्या गेल्या.

मामा त्या दिवसापासून तो भवरा बघू लागला. सकाळी खरारा करताना बघावं तर तो अगदी डोळ्याखाली दिसायचा. दुपारी उन्हात बघावं तर खाली गालावर. गालावरचा भवरा म्हणजे काहीच नाही, असले भवरे गाढवालाही असतात. मामानं चार जाणत्यांना आणून दाखवला. दोघं म्हणाले आसूढाळ, दोघं म्हणाले नाही. चौघांचंही मामाला पटलं.

धुरपतामामीला मात्र कसलीच शंका नव्हती. मुलाहिजाच्या दिवशी भाकरी घेऊन ती पागेत आली होती आणि हिंमतरावांचे शब्द तिनं स्वतःच्या कानांनी ऐकले होते : धन्याला खाणारा. आता, आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. कोणी विचारलं तर "आमचं धनी" म्हणते. जनावराच्या मालकालाही धनीच म्हणतात. हिंमतराव बोलले ते मालकाबद्दल. मामीनं ऐकलं ते नवऱ्याबद्दल.

"सोडा त्या घोड्याचा दोर," ती घरी आल्या आल्या म्हणाली. "मेंढरं काय वाईट व्हती?"

"अगं, धनी म्हंजी मालक. घोडा सरकारचा हाय. काय व्हायचं ते सरकारला हुईल."

"सरकार त्याला वैरण घालतंय व्हय? सरकार खरारा करतंय? त्यो ऐकतोय कुणाचं? मग धनी कोण झालं?"

मामाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तो सलोत्रीसाहेबांकडं नोकरी सोडायला गेला. साहेब हसले. "धनी सरकार है रे. कागदपर लिखा है. तेरा क्या जाता?" मामाला तेही पटलं आणि तो घोड्याला पाणी दाखवायला गेला. असं बरेच दिवस चाललं. घरी असला की मामाला वाटायचं आपण धनी, पागेत गेला की वाटायचं सरकार. मधल्या वाटेत काय वाटायचं, ते त्यालाच ठाऊक.

वर्षं गेली. मुलाहिजे झाले. गोलंदाज मैदानात यायचा, लोक त्याच्याकडं बघून जिभेनं च् च् करायचे. एवढं देखणं जनावर! आणि घोडी दुसरीकडं न्यायचे. शेवटी हैदराबादेहून हुकूम आला. सलोत्रीसाहेबांनी मामाला बोलावून घेतलं. त्यांचाही त्या घोड्यावर जीव होता.

"आते मुलाहिजे में एक बी घोडी नहीं आई, तो गोलंदाज को आख्ता करके फौज में भेजना बोलके हुकूम है."

आख्ता म्हणजे खच्ची. पाठीवर हात ठेवला की कातडी थरथरवणारं, कान टवकारून माणसाच्या आधी पावसाचा वास घेणारं ते जनावर. त्याला खाली पाडून, बांधून, कापून गाडीला जुंपणार. मामी सांगायची की लग्न झाल्यापासून तिनं त्याला तेव्हा पहिल्यांदा रडताना बघितलं. तिला घोड्याचा राग होता, पण ते रडणं तिला बघवलं नाही.

मामानं मग आयुष्यात एकदाच युक्ती केली. तो गावोगाव घोडीवाल्यांकडं गेला आणि सलोत्रीसाहेबांचाच मुद्दा त्यांना समजावू लागला. "भवरा खातोय धन्याला. धनी कोण? सरकार. तुमची घोडी निसती यिऊन जायची. खाल्लं तर सरकारला खाईल, तुमाला काय धाड भरलीया?"

मुद्दा बिनतोड होता. पण वर्ष होतं सत्तेचाळीस सरून अठ्ठेचाळीस लागायचं. गावागावांत रझाकार फिरत होते, माणसं शेजाऱ्याशीसुद्धा जपून बोलत होती, आणि माझा मामा चावडीवर उभा राहून सांगत होता की सरकारला खाल्लं तरी आपल्याला काय धाड भरली आहे.

त्याला अमीनसाहेबांनी उचलून नेलं. पोलिसांचे अमीन, मोठ्या मिशांचे.

"सरकार को कौन खाता बोला तू?"

"म्या न्हाय, साहेब. भवरा."

"कौन भवरा? कोनसे गाँव का है?"

"घोड्याच्या डोळ्याखाली ऱ्हातोय, साहेब."

मामाला तिथं खरं घोळात टाकलं ते पुढच्या प्रश्नानं. अमीन म्हणाले, भवरा खरा की खोटा, ते सांग. खरा म्हणावं, तर सरकार बुडणार असं बोलल्यासारखं होतं. खोटा म्हणावं, तर घोडा शुभ ठरतो, पण मग इतके दिवस लोकांना सांगितलं ते काय? मामानं बराच विचार केला आणि तो म्हणाला, "खरा हाय, साहेब, पर सरकार लई मोठं हाय. एवढ्याशा भवऱ्याचं त्येला कळायचं बी न्हाय." अमीनसाहेबांना ही स्तुती वाटली की बंडखोरी, ते काही ठरवता आलं नाही. दोन थोबाडीत देऊन त्यांनी सोडून दिलं. दारापर्यंत आल्यावर मात्र हळूच विचारलं, "सच्ची आसूढाळ है क्या? मेरी बी एक घोडी है."

आणि मग भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली. सोलापूरच्या रस्त्यानं रणगाडे आले, नळदुर्गाचा पूल ओलांडून पुढं गेले, आणि आठवड्याच्या आत निजामाचं सरकार संपलं. त्या दिवसांत आणि त्यानंतर आमच्या भागात माणसांनी माणसांचं काय केलं, ते मामा कधी सांगत नसे. विचारलं तर उठून जायचा. एवढंच सांगितलं, की कमरुद्दीनसाहेब बायकामुलांना घेऊन निघाले तेव्हा तो त्यांच्या टांग्याबरोबर पुढच्या तालुक्याच्या हद्दीपर्यंत चालत गेला, खांद्यावर काठी टाकून. निरोप घेताना साहेब एवढंच म्हणाले, "घोडे कू देख." ज्या माणसानं आपल्याला पोटाला लावलं, त्याला असं चोरासारखं का जावं लागतं, हे मामाला कोणीच पटवून देऊ शकलं नाही. ती एकच गोष्ट त्याला जन्मभर पटली नाही.

इकडं गावागावांत मात्र एकच बोलणं. गोलंदाजानं सरकार खाल्लं! घोड्याचा धनी सरकार, हे बिराप्पा आपल्या तोंडानं सांगत फिरत होता, आणि झालं की नाही? लोक पागेत नारळ घेऊन यायला लागले. कोणी हार घातला, तो गोलंदाजानं खाल्ला. बायका लांबून हात जोडायच्या. रणगाड्यांचं नाव कोणी काढीना. मामाला वाटलं, सुटलो, आता घोड्या येणार. एकही आली नाही. इतके दिवस लोकांना भवऱ्याबद्दल शंका तरी होती. आता खात्री पटली होती. सात पिढ्यांचं निजामाचं राज्य जो गिळतो, त्याचं शिंगरू दावणीला कोण बांधणार? पूजा करावी आणि लांब राहावं, असा घोडा झाला तो.

त्या वर्षी दसऱ्याची कोणाला शुद्ध नव्हती. मुलाहिजा झाला तो उन्हाच्या तोंडाला. नवे साहेब आले, पांढरी टोपी घातलेले, शुद्ध मराठी बोलणारे. पागा मोडायची होती. अरबी वळू दुसऱ्या पागेला जाणार होते. गोलंदाजाबद्दल जुनाच हुकूम नव्या कागदावर आला होता : कोणी सांभाळायला नेत असेल तर द्यावा, नाहीतर आख्ता करून फौजेकडं.

मैदान भरलं होतं. हिंमतराव पुढं बसले होते. मामानं घोडा आणला. सरळ चालवत नेला, बाहेरून वळला, परत आणून चारी पाय दिसतील असा उभा केला. अंगावरची तांबडी कातडी उन्हात लखलखत होती. पलीकडं लिंबाखाली खच्ची करणारी माणसं दोरखंड घेऊन बसलेली सगळ्यांना दिसत होती.

"कोणी नेणार आहे का?" साहेबांनी विचारलं.

कोणी हललं नाही. साहेबांना कारण कळलं तेव्हा त्यांनी भवरा, अंधश्रद्धा आणि नवा भारत यांवर चांगलं लांबलचक भाषण केलं. ते संपल्यावर हिंमतराव अदबीनं म्हणाले, "मग साहेब, तुमीच का न्हेत न्हाई?" साहेबांनी पाणी मागवलं.

तेवढ्यात मामा बोलला. "म्या घेतो."

"ह्यांचं ऐकू नका, साहेब." बायकांच्या घोळक्यातून धुरपतामामी उठली होती. पदर सारखा करत ती सरळ मैदानाच्या मध्यात येऊन उभी राहिली. घोड्यापासून हातभर अंतरावर. "घोडा मी न्हेते. माझ्या नावानं लिवा. त्याचा धनी म्या."

लोक हसले. हिंमतराव म्हणाले, "बाई, धन्याला खातोय त्यो. कळतंय का?"

"कळतंय की. पर बाईमाणूस कुठं धनी असतंय व्हय, मालक? तुमीच सांगा. घोडा माझा, आन धनी तर म्या हुयाची न्हाय. त्यो भवराच घोळात पडंल, खावं कुणाला म्हणून."

अश्वशास्त्रात याचं उत्तर नव्हतं.

मामी मला म्हातारपणी म्हणाली, "भ्याले व्हते रं लई. वाटायचं, भवऱ्यानं मलाच खाल्लं तर? पर ह्यो माणूस जन्मभर रडत बसला आसता, त्यापरीस मला खाल्लेलं बरं." भवऱ्यानं कोणालाच खाल्लं नाही. गोलंदाज आमच्या सास्तूरच्या आवारात म्हातारा झाला. पुढच्याच वर्षीपासून घोड्या येऊ लागल्या, आणि शिंगरू झालं की लोक ते बायकोच्या नावचं म्हणून सांगू लागले. त्या काळात आमच्याकडं जमिनी नसलेल्या बायका होत्या, पण घोडा नसलेली बाई शोधावी लागायची.

पण हे नंतरचं. त्या दिवशी साहेबांनी कारकुनाला लिहायला सांगितलं.

"नाव?"

"धुरपताबाई."

"नवऱ्याचं नाव?"

"ते म्या घेत न्हाय."

"अहो बाई, कागदावर लागतं ते."

"आमच्यात घेत न्हाईत, साहेब."

कारकून दौतीत टाक धरून थांबला. आपली बायको अडली आहे असं वाटून मामा मदतीला पुढं झाला आणि नाव सांगायला त्यानं तोंड उघडलं. मामीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो जागीच थिजला. मग हळू, फक्त त्याला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "तुमचं नाव ह्या कागदात यायचं न्हाय. कळलं?"

त्याला कळलं.

साहेब कंटाळले होते. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं, धुरपताबाई, राहणार सास्तूर. मग विचारलं, "आख्ता करून हवा की असाच?" मामी म्हणाली, "हाय तसाच." लिंबाखालच्या माणसांनी दोरखंड गुंडाळले. सही करता करता साहेबांचं लक्ष घोड्याचा दोर धरून उभ्या असलेल्या, डोळे पुसणाऱ्या माणसाकडं गेलं.

"आणि तुम्ही यांचे कोण?"

मामानं एकदा बायकोकडं बघितलं.

"कुनी न्हाय, साहेब," तो म्हणाला. "बाईंचा घोडा धरतो."